ही बाजू वर

तिसऱ्या दालनात, काचेआड,
आमचा खोका उभा केलाय.
फ्रिजचा. बुधवारातल्या दुकानामागून उचललेला,
एका कडेने फाडून चपटा केलेला,
लक्ष्मीनगरच्या एटीएमबाहेर
रात्री साडेदहानंतर अंथरायचा.

खाली पाटी:
पुठ्ठा, चिकटपट्टी, घाम. येरवडा, अंदाजे २००८.
'घाम' लिहिणाऱ्या बाईंना मी मानलं.
'अंदाजे' नाही पटलं.
नरक चतुर्दशीची आदली रात्र होती,
विशांतचा पुढचा दात पडला,
आणि तो तपकिरी डाग, पाटीवर ज्याचा पत्ता नाही,
तो त्याचाच.

पहिल्या दालनात दूरचं शहर.
जळक्या इमारती, दिव्याच्या खांबातून चोरलेली वीज,
आणि एक सडपातळ पोरगा
तबकडीवर बोट ठेवून गाणं मागे ओढतोय.
त्या बोटाशीच मी थांबले.
आई असंच बोट ठेवून
रेशनकार्ड वाचायची,
अक्षर मागे, पुढे, परत मागे,
नाव लागेपर्यंत.

मधल्या दालनात नुसते बूट.
आम्हा चौघांत एक जोड होता, आठ नंबरचा.
माझ्या पाळीला आत तीन मोजे.

सुगत साडेचारला आला, दोन ऑर्डरींच्या मधे,
पाठीवर ती चौकोनी पिशवी.
दारावरचा म्हणाला, 'पार्सल इथंच ठेवा. कुणाच्या नावाचं आहे?'
'माझ्याच,' सुगत म्हणाला,
'आत हेडफोनमधे बोलतोय ना, त्याच्या.'

आत तो सोळा वर्षांचा आहे, आवाज फुटलेला:
पाणी येतं तीनला, वीज जाते नऊला,
मधल्या टायमात, साहेब, भेटा आमच्या भाऊला.
त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.
'लय घाई करायचो राव मी,' एवढंच म्हणाला.
मग फोन वाजला. औंध, अठरा मिनिटं.
गेला.

खोक्यावर इंग्रजीत छापलंय: ही बाजू वर.
दोन बाण, एक छत्री, एक फुटका पेला.
मांडणाऱ्यांनी बाण अगदी सरळ लावलाय.
त्यांचं चुकलं असं कसं म्हणू?
पण आमचं डोकं त्या बाणावर टेकलेलं असायचं,
पाय ट्यूबलाइटकडे,
आणि वॉचमन गायधने काका
छताला लटकून टाळ्या वाजवायचे.

आता मी तेहेतिशीची.
दवाखान्यात लोकांचे गुडघे
अंश मोजून वाकवते.

शाळेची सहल आली, दोनदोनच्या रांगेत.
काचेपाशी एक मुलगी मान तिरकी करून वाकली,
अजून वाकली,
शेवटी स्वतःच्याच पायांमधून बघायला लागली.
'शर्वाणी!' बाई कडाडल्या.
तिची वेणी फरशीला टेकली होती.

फरशी गुळगुळीत आहे इथली.
कुणी बघत नाही असं पाहून
मी टाच घासून बघितली.