अर्ध्या इंचाची जाळी

इराप्पा बडिगेरने माप घ्यायला पट्टी काढली
आणि विचारलं, आत काय ठेवणार?
ससे, म्हटलं. त्याला कळेना.
मग मी दोन बोटं डोक्यावर उभी धरून हलवली.
"ओहो, मोला!" तो खळखळून हसला.
मोलाचेच आहेत बाबा, मी मनात म्हटलं,
जोडीला आठशे मोजलेत.

पिंजरा आला टेम्पोतून, बाभळीच्या चौकटीचा,
जाळी एक इंचाची, कोंबड्यांना लावतात तसली.
चार पायांखाली खानापुरी मातीची चार वाडगी,
वाडग्यांत पाणी,
रॉकेल मिळत नाही म्हणून वर गाडीचं जुनं ऑइल.
मुंग्या काठापर्यंत येत,
जरा वेळ बोलत उभ्या राहत, परत जात.

कानात खरूज झाली तर करंजेल, कापसाच्या बोळ्याने.
डासांना कडुलिंबाची धुरी, पण वाऱ्याची दिशा बघून,
कारण धुराने सशाचं नाकच आधी बिघडतं.
हे सगळं मी शिकले.
तरी मष्णूकाका रोज संध्याकाळी येऊन
एका नव्या शत्रूचं नाव सांगून जाई.
एकदा उदमांजर. एकदा घूस.
एकदा त्याचाच कुत्रा,
जो तेव्हा पायरीवर बसून
जिभेने स्वतःचं नाक पुसत होता.
"कुणाकुणापासनं राखूलीस गे?"

पिल्लं झाली, सहा.
नवव्या रात्री, डोळे उघडायला एखादा दिवस उरलेला असताना,
फळीवर पाय आपटल्याचा आवाज आला.
धप्.
मग थोड्या वेळाने, धप् धप्.
मी जागी होते.
मालक उद्यमबागेत रात्रपाळीला, बाहेर थंडी,
घोंगडं नुकतं कुठे ऊब धरू लागलेलं.
फणसाचं पान पडलं असेल, म्हटलं.
एवढं जड पान नसतं हे ठाऊक असून म्हटलं.

सकाळी धामण आतच होती.
लहान होती अजून, करंगळीएवढ्या अंगाने आत शिरलेली,
दोन पिल्लं गिळून
आल्या भोकातून निघायला गेली
आणि पोटाशी अडकली.
डोकं बाहेर, दव पडलेलं त्यावर.
कोपऱ्यात आई, तिच्या पोटाखाली उरलेली चार.
एकाच कडीच्या आत
दोघींनी ती रात्र काढली.

मष्णूकाका काठी घेऊन आला.
मी पक्कड.
एक तार तोडली, मग तिच्या शेजारची.
कुणासाठी तोडली, हे शेजारणींनी विचारलं,
मराठीत आणि कन्नडमध्ये.
मला एकाही भाषेत सांगता आलं नाही.
धामण काजूच्या बागेकडे गेली,
सावकाश, माझी दोन घेऊन.

इराप्पा परत आला. भोकात बोट घालून बघितलं.
"हावु?"
हो, हावु. हा शब्द मला येत होता.
मुंगूस तर त्यांच्याकडेही मुंगूसच,
म्हणून पुढचं बोलणं भरभर झालं.
त्याने अर्ध्या इंचाची जाळी ठोकली, तळाला दुहेरी,
आणि मजुरीतले पन्नास रुपये घेतले नाहीत.

आता खिडकी उघडी ठेवून झोपते.
धप् झालं की उठते, बॅटरी घेऊन जाते.
बहुतेकदा काही नसतं.
एकदा घूस होती, एकदा नुसता
चंद्र होता जाळीवर.

काल रात्रीही गेले.
खाली पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, चारही वाडगी पाहिली.
कुणी नव्हतं.
बॅटरी वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती,
नाक थांबलेलं, कान मागे.
शुक्रवारी निपाणीचा माणूस येणार आहे,
काटा घेऊन, मोल ठरवायला.
हे मी तिच्यासमोर कधी बोलले नव्हते.

तिने पाय उचलला
आणि माझ्या तोंडाकडे बघत
फळीवर आपटला.