रकाना क्रमांक अकरा

नागाळा पार्कात, दुसऱ्या मजल्यावर,
पंख्याखाली फडफडणारा तक्ता
मी स्टेपलर ठेवून दाबलाय.
मंजूर पदे. भरलेली पदे. रिक्त पदे.
आणि साहेबांनी काल नव्याने आखायला लावलेला
रकाना क्रमांक अकरा:
सन २०४० मध्ये लागणारे मनुष्यबळ.

लोकसंख्येला पाच हजारांनी भागायचं,
डोंगरी भागात तीन हजारांनी.
भागाकार मला येतो.
बाकी उरते तिचं काय करायचं
ते शासन निर्णयात नाही.

बाकी म्हणजे गगनबावड्यापुढचा धनगरवाडा,
जिथं रस्ता संपल्यावरही मुजावर सिस्टर
लसीचा डबा खांद्याला लावून तासभर चालतात.
मेअखेर त्या निवृत्त.
फोनवर विचारलं, तुमच्या जागी किती धरू?
"एकच धरा की.
पण तिथल्या कुत्र्यांची वळख व्हायला दोन वर्सं जातील,
तेवढी बी धरा."

दोन वर्षं रकान्यात मावेनात.
पेन्सिलीनं समासात लिहिली.

नर्सिंगच्या वर्गात माहिती गोळा करायला गेलो
तर आजऱ्याची ऋतिका चिगरे,
बाहुलीच्या हाताला पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
"सर, ऑर्डर अकरा महिन्यांची मिळतीय,
मग तुम्ही पंधरा वर्षांचं कसं मोजताय?"
सगळा वर्ग हसला. मीही.
तिचा प्रश्न समासात, जरा तिरका.

घरी उत्तरेश्वर पेठेत बाबा तीन वर्षं अंथरुणात.
बेबीताई दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते.
"दम धरा आबा, गाडी वळवून घेतो मी."
आधी ती खानावळीत भाकऱ्या थापायची.
हे कुठं शिकलीस, विचारलं
तर पावडर झटकत म्हणाली,
"सासू पडून हुती न्हवं, सात वर्सं."
प्रशिक्षण संस्थेचे नाव: सासू.
पदनाम: नाही. वेतनश्रेणी: मी देतो ती,
आणि ती कमी आहे, हे मला ठाऊक आहे.

२०४० मध्ये मी एकाहत्तरचा.
कुठल्या तरी पाच हजारांत
एक आकडा माझाही.
माझी कूस कोण बदलेल,
ती आता कुठल्या शाळेत पाढे म्हणत असेल,
की शाळा सोडून बसली असेल?

पाच वाजता साहेबांनी आकडा मागितला.
दिला.
झेरॉक्स स्वच्छ निघाली,
फक्त समास कापला गेला.