कपाएवढा गोल

दिवाळीच्या आधी कूलर खाली उतरला.
वाळ्याच्या ताट्या काढून पार्बताबाईंनी
टाकीच्या बुडाला खिळ्यानं नऊ भोकं पाडली.
"पाणी थांबलं का मूळ सडते," म्हणाल्या,
आणि टाकी उचलून एका भोकातून
आभाळ बघितलं, मग मला.

गोळीबार चौकामागच्या या गल्लीत
मी वरच्या खोलीत भाड्यानं राहते.
मेयोत रात्रपाळी. सकाळी परतते तेव्हा
जिन्याच्या पायऱ्यांवर चहाचे कागदी कप,
एकेकात एकेक वांगं, चार पानांचं.
पाय कुठे ठेवू, असं विचारावं लागतं.

माती घरातूनच निघते.
समोरच्या खोलीत मागाचा खड्डा आहे,
विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचा.
माग विकला त्याला बारा वर्षं झाली,
लाकूड एकानं नेलं, लोखंड दुसऱ्यानं, किलोनं.
खड्डा कोणी मागितला नाही.
आता त्यात कडुलिंबाचा पाला, शेणखत,
वर फळी.

रविवारी माझी सुट्टी. ऊन कलल्यावर बसलो.
"देठाले धरू नोको वं. पानाले धर.
पान गेलं तर दुसरं येते."
मी दीड किलोच्या बाळाची शीर
पहिल्या टोचणीत पकडते,
पण पहिली तीन रोपं माझ्या हातून मोडली.
त्या काही बोलल्या नाहीत.
मोडकी रोपं मात्र शेजारी ओळीनं मांडून ठेवली,
मला दिसतील अशी.

एका कपात दोन रोपं एकमेकांत अडकलेली.
पार्बताबाईंनी अंगठा नि बोट जिभेला लावलं,
तुटल्या सुताला पीळ द्यायला लावत असतील तसं,
मग आठवलं की ही मुळं आहेत.
ओठावर माती तशीच राहिली.
गुंता सुटला होता.

मग एक कप फाडला,
आणि आत मातीचाच दुसरा कप निघाला.
पांढरी मुळं बुडाशी गोल गोल गेलेली,
कांडीवर सूत भरावं तशी,
कपाच्या मापाची, कपाशिवाय.
"येडं झालं हे. जागा नोती ना."
नखानं त्यांनी वेटोळं सैल केलं,
टाकीत रोप बसवलं, मातीवर थाप मारली.
"आता गोल नोको फिरू बापा. इथं जागा हाये."

माती कमी पडली. घमेलं घेऊन त्या उठल्या.
मी दारातून बघत होते.
उंबरठ्यापासून खड्डा समोर, सरळ, चार पावलं.
त्या उजव्या भिंतीशी वळल्या,
भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेल्या,
तिथे काहीही नसताना
जरा वाकल्या,
आणि पलीकडून खड्ड्याशी आल्या.
येतानाही तसंच. भरलं घमेलं डोक्यावर,
तरी वाकल्या.

रात्री मी ड्यूटीवर जाताना
सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या.
"टाकतेच," त्या म्हणाल्या. "जाय तू."
सकाळी टाकीवर हिरव्या काठाचं लुगडं ताणलेलं,
चारी कोपऱ्यांना विटा.
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी लुगडं धुऊन दोरीवर,
आणि चाळीसातली एकतीस उभी.
कडेची बरीच गेली. का, ते कळलं नाही.
त्या सैल केलेल्या मुळाचं रोप उभं होतं.
आत ते अजून गोल फिरतंय का,
उकरून बघावंसं वाटलं.
बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. मग काढलं.

मोकळ्या कपांत आता सांबार पेरायचा होता.
पार्बताबाई बाजारात गेलेल्या,
किल्ली माझ्याकडे.
फळी समोर दिसत होती.
हातात घमेलं घेऊन मी आत शिरले,
उजवीकडे वळले, भिंतीला हात लावत,
कोपऱ्यापर्यंत,
आणि वाकले.