दोन वॉशर

माझगावात, दोरखंड आणि पितळी कड्या विकणाऱ्या दुकानाच्या वर
दर गुरुवारी पाच खुर्च्या.
त्यातली एक यशोधरची. तिच्यावर आता मी बसते.
उशी लागते, तो उंच होता.

चिप्स म्हणून खालच्याच दुकानातले वॉशर:
लहान दहाचा, मोठा वीसचा.
बोली ठरलेली. कितीही तावात आलात तरी
एका वेळी एकच वाढवायचा.
जहाजावरचा नियम, यशोधर म्हणायचा,
सहा महिने एकाच पोलादात राहायचं असतं,
कुणाला नागवून कसं चालेल?

आज माझ्या हातात नव्व्यांची जोडी.
खाली अठ्ठी, पंजी, तिर्री. त्यातली दोन बदामाची.
या घटकेला बहुधा मीच वरचढ,
आणि दश्शीपासून एक्क्यापर्यंत
वीस पानं कुठे ना कुठे माझ्या वाईटावर.
गॅसवर दूध ठेवून दारात बोलत उभं राहावं
तशी जोडी.

आणि पहिलं बोलायचं मीच.

ढिगात पंच्याऐंशी रुपये.
मी लहान वॉशर सरकवला तर चौबळ येणार, रेगो येणार,
दिनयार तर येणारच.
दहाच्या उंबऱ्याला कोण अडखळतं?
उंबरा उंच करायचा तर आधी गप्प बसायचं,
शेवटी बसलेल्या दिनयारला बोलू द्यायचं
आणि मग त्याच्यावर चढवायचं,
म्हणजे मधल्या दोघांपुढे एकदम दोन वॉशर.
यशोधरच्या वहीत, तेलाचा डाग पडलेल्या पानावर आहे:
बोलका गडी सगळ्यांत शेवटी असेल तर थांब.
तुझ्या लगेच पुढे असेल तर स्वतः बोल, तो वाढवेल.
खाली, वेगळ्या शाईत:
तोही गप्प बसला तर बोंब.

दिनयार संध्याकाळपासून एकदाही गप्प बसला नव्हता.

"चेक," मी म्हणाले.
चौबळने टेबलावर बोट आपटलं. रेगोनेही.
दिनयारचा हात वॉशरांकडे गेला,
तिथे जरा रेंगाळला,
मग त्याने रुमाल काढला, चष्मा पुसला
आणि टेबलावर दोनदा टकटक केलं.

फुकटचं पान.
बदामची राणी.

आता मी बोलले, मोठा वॉशर,
वरातीमागून घोडं.
चौबळ गेला. रेगोने दुसरा मोठा चढवला,
माझ्याकडे न बघता.
दिनयारने पानं पालथी घातली.
मी शेवटपर्यंत भरत राहिले. ढीग मोठा होता,
आणि मला बघायचंच होतं.
किलवरची राणी, शेजारी दश्शी.

"तेव्हा दोन पडले असते तर टाकलीच होती मी,"
रेगो वॉशर ओढत म्हणाला.
आणि एक?
"एकाला? एकाला मी कधी गेलोय का, वहिनी?"

म्हणजे बोलले असते तरी तो राहिलाच असता.
गप्प बसले तेच बरोबर.
हे मी जिन्यात तीनदा मोजलं.
बरोबर, आणि ऐंशी रुपये कमी.

खाली शटर पडलेलं, डांबराचा वास,
दिनयार टॅक्सीची वाट बघत उभा.
"राजा-एक्का होता ना तुझ्याकडे?"
"होता."
"मग?"
तो गोदीच्या भिंतीकडे बघत राहिला.
"चेक म्हणायच्या आधी तू श्वास धरलास, निरू.
तीस वर्षं त्याने मला त्याच श्वासाने मारलंय.
वॉशर उचलणार होतो, तेवढ्यात ऐकू आला."

मला ठाऊकच नव्हतं
यशोधर श्वास धरायचा.
घरात तो घोरायचा.

टॅक्सी आली.
उशी वरच राहिली होती.