इतर, असल्यास लिहा

नवी इमारत लाकडाची. भिंतींत कागदाचा लगदा, ऊब धरणारा.
छतावर सोलर पॅनेल;
डिसेंबरात ती नुसता बर्फ साठवतात,
तरी कागदोपत्री आम्ही हिरवे.

घोडं अडलं ते एकाच ठिकाणी:
माणसं इथवर येतात कशी.
ते काम माझ्याकडे आलं.

ओउलूच्या नकाशावर मी दोनशे चौदा टाचण्या टोचल्या,
नदीपलीकडच्यांना पुलावरून दोरा ओढला
(सायकलने अठरा मिनिटं, उणे बारा असलं तरी),
विद्यापीठाच्या अंगाला राहणाऱ्यांना बस,
दर दहा मिनिटांनी, म्हणजे पंधरा.
शॉवर चार. ओले मोजे वाळवायला गरम कपाटं,
त्यावर तीन बैठका झाल्या.
खिळ्यांचे टायर अर्ध्या किमतीत.
गाड्यांना जागा फक्त वीस.

हिशेब जुळत आला होता.

मग प्रश्नावल्या परत आल्या.
सिनिक्का: मुलगी, तिचा चेलो, आणि दोन्ही एका सायकलवर?
रात्रपाळीचा योउनी: पहाटे चारला कुठली बस, बाई?
ही उत्तरं येणार हे ठाऊक होतं.
त्यांच्यासाठी रकाने होते.

एकशे सत्त्याहत्तरावा कागद.
गाडीने येता का? हो.
अंतर? चार किलोमीटर.
(चार! चालतसुद्धा येईल माणूस.)
थंडीवर खूण नाही, सामानावर नाही, वेळेवर नाही.
‘इतर’च्या पुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
‘गाडीत अकरा मिनिटं
मी कुणाचाच कुणी नसतो.’

मी कॉफी केली. ती निवली.
धुराचा तक्ता समोर उघडा होता:
जाऊन-येऊन आठ किलोमीटर, गुणिले वर्षाचे दिवस.
गुणाकार येत होता मला.
नावं मागितली नव्हती, ते बरं झालं.

संध्याकाळी सायकल काढली.
पूल, खाली गोठलेली नदी,
बर्फावर खिळ्यांची चरचर.
टोपी कानांवर ओढली तेव्हा ध्यानात आलं,
की सरळ रस्ता मीही घेत नाही
कित्येक वर्षं;
जुन्या कोठारांपाशी वळसा घालते.
तिथे चिटपाखरू नसतं,
आणि मी बर्फाला
काहीबाही सांगत असते.

सकाळी आराखड्यात एक ओळ वाढवली:
‘सायकलमार्ग दोन. एक सरळ, एक लांबचा.’
आन्सेल्मीने चष्मा वर केला, लांबचा कशाला?

म्हटलं, लागतो.