तळाची उशी

होल्डरनेसच्या किनाऱ्यावर
समुद्र दरसाल दोन पावलं जमीन खातो.
गेल्या वर्षीचा रस्ता आता हवेत संपतो,
पुढे नुसती कुंपणाची तार लोंबते.

आमचं काम त्याच्या अलीकडे, मैलभर खाली.
मिठात नऊ पोकळ्या आहेत.
समुद्राचंच पाणी सोडून मीठ विरघळवलं,
मग पाणी त्याला परत केलं, खारट व्याजासकट.
उन्हाळ्यात गॅस भरायचा, थंडीत काढायचा.
बरण्याच म्हणायच्या, पण झाकण उघडून
आत कुणी पाहिलेलं नाही. मीही नाही, अकरा वर्षांत.
मला दिसतात ते आकडे.

कीथ स्टॅथर्सने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं:
सगळा कधी काढायचा नाही.
तळाचा राहू द्यायचा. त्याला इथे उशी म्हणतात.
विकायची नाही ती. मोजायची आणि विसरायची.
ती काढलीस तर भिंती जवळ यायला लागतात.
मीठ वाहतं, पोरी. दगड असून वाहतं.

मला लगेच पटलं.
आमच्याकडे पिठाचा डबा तळापर्यंत खरवडत नाहीत,
आणि कुंकू संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात.
कीथ हसला होता:
हे आपल्या हिशेबनिसांना कळवायला हवं.

आज पहाटे बाहेर उणे सहा.
साडेपाचला लीड्स उठेल, मग शेफील्ड,
स्वयंपाकघरांच्या कोपऱ्यांत बॉयलर भडकतील,
आणि पडद्यावरची रेघ घसरेल
झोपेत कुणी पांघरूण ओढून घ्यावं तशी.
मी तीन नंबर उघडते. मग पाच.

कीथ शेजारच्या खुर्चीत.
मॉरीनला जाऊन सतरा दिवस झाले.
कसा आहेस विचारलं तर म्हणतो, तसं वाईट नाही.
फाटकावरची जोन म्हणते, घरात एकाच खोलीत
हीटिंग लावतो, बाकीच्यांची दारं बंद.

सहाच्या सुमाराला, मी काही न विचारता,
पडद्याकडे बघतच म्हणाला:
फ्रीजरमध्ये तिच्या हातचा स्ट्यू आहे अजून.
एकच डबा. झाकणावर तारीख घातलीय तिने.
मग नाक ओढलं, आणि म्हणाला,
पाचचा दाब बघ.

बघितला. नोंदवहीत लिहिलं:
पोकळी पाच, सात वाजून दहा मिनिटं, उशी शाबूत.
त्याने चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
शाबूत नको लिहूस, म्हणाला.
पुरेशी, असं लिही.