शून्य कुठे धरायचं

ग्लिन प्रॉसरनं रायफल माझ्या ओट्यावर ठेवली
तेव्हा ती टॉवेलात होती, न्हाऊ घातलेल्या पोरासारखी.
"तुझ्या कोंबड्यांच्या दाण्यात घुशी," म्हणाला,
"आणि माझ्या डोळ्यात मधोमध भोक."

ते भोक मला ठाऊक होतं.
लेम्स्टरच्या दुकानात, अंधार केलेल्या खोलीत
मीच ते त्याला पडद्यावर दाखवलं होतं.
(लिहायचं लिऑमिन्स्टर, म्हणायचं लेम्स्टर.
अठरा वर्षं झाली, पाटी वाचताना अजून अडखळते.)

स्कोप नळीच्या वर बसतो, दोन इंच.
एवढंच काय ते दुखणं, तो म्हणाला.
नजर सरळ जाते, छर्रा नाही.
तो खालून निघतो, वर चढतो,
नजरेची रेघ ओलांडतो, थोडा मिरवतो,
मग दमून उतरताना पुन्हा एकदा तिला भेटतो.
दोनदाच.
बाकी सगळी वाट
एकमेकांना ओळख न दाखवता.

"तर शून्य कुठे धरायचं ते तू ठरव."

शाळेत शून्य मिळायचं.
ठरवायला कुणी सांगितलं नव्हतं.

"सगळे तीस यार्डांवर धरतात.
मी विचारतो, तुझी घूस बसते कुठे?"

मग मी चालले, स्वयंपाकघराच्या दारापासून
कुजक्या सफरचंदांच्या सड्यातून खुराड्यापर्यंत.
सत्तावीस वार.
आईच्या लुगड्यातला वार तो हाच:
तीन नऊवारी चिखलात एकापुढे एक अंथरल्या असत्या
तर शेवटचा पदर कोंबडीच्या पायाशी.
आई म्हणायची, तुझा काही नेम नाही.
दोनदा कॉलेज बदललं होतं मी, एकदा ठरलेलं लग्न.
तिचे नेम मात्र पक्के. सोमवारी एकवेळ जेवण,
तेही कुणाला न सांगता.

दृष्टी तपासायच्या जुन्या तक्त्याची कोरी पाठ
मी खुराड्याशेजारच्या गवताच्या भाऱ्यावर टाचली.
"एका छर्ऱ्यावरून काही ठरवू नकोस. पाच मार.
पाचांचा मध्य खरा."
त्याला भोकं दिसत नव्हती. कागदाची थप ऐकून
तो मान हलवायचा, मी सांगायची:
डावीकडे, नखभर. वर, तांदळाएवढं.
तो बुरूज फिरवायचा. टक. टक.
"ही बरी, की आधीची?" त्यानं विचारलं,
अगदी माझ्या आवाजात,
काचा बदलताना मी विचारते तसं.
आम्ही दोघं एवढे हसलो
की पुढचे दोन छर्रे भलतीकडे गेले.

भाऱ्याच्या मागच्या वेष्टणावर पेन्सिलनं लिहून घेतलं:
सात, एक बोट खाली.
तेरा, बरोबर.
वीस, किंचित वर.
सत्तावीस, बरोबर.
चाळीस, दोन बोटं खाली.
"मोठ्यानं वाच," म्हणाला, "तुझ्या भाषेत."
वाचलं. पाढे म्हटल्यासारखं वाटलं.

"आणि अगदी पायाशी आली तर?"
"तर वर धर. जवळचं नेहमी खाली लागतं.
बघायचं एकीकडे, लागायचं दुसरीकडे.
तूच नाही का शिकवलंस?"

शिकवलं होतं खरं, मागच्या मार्चमध्ये:
मधे बघू नका मिस्टर प्रॉसर,
थोडं बाजूला बघा, मग मधलं दिसेल.
आता तो माझ्यापासून चार हातांवर खुर्चीत बसलेला,
डोळे खुराड्याच्या छपराकडे लावून.
म्हणजे मला बघत होता.

"केस पांढरे झाले तुझे," छपराकडे बघत म्हणाला.
मी म्हटलं, हो.

अंधार पडेपर्यंत दारात बसलो, चहा दोनदा निवला.
घूस आलीच नाही.
तिचा काही नेम नाही.